मदत हवी आहे: चॅरिटी गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि पैशांचा हिशोब

मंडळी, जरा मदत करा. आमच्या कॉलेजात ८०च्या दशकातल्या चॅरिटी गाण्यांवर प्रेझेंटेशन द्यायचंय, बँड एड या गायक-वादकांच्या गटाचं १९८४चं लंडनचं गाणं ('डू दे नो इट्स ख्रिसमस?') आणि १९८५चं अमेरिकेतलं 'वी आर द वर्ल्ड'. दोन्ही आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे उभे करायला काढलेली. रेकॉर्डिंगचं बरंचसं सापडलंय, म्हणजे बँड एडचा म्युझिक ट्रॅक संगीतकार मिज युअरने आधीच घरच्या स्टुडिओत करून ठेवलेला, मग २५ नोव्हेंबरला सगळ्यांना बोलावून एका दिवसात आवाज घेतले, फिल कॉलिन्सने वरून खरे ड्रम्स वाजवले. अमेरिकेत तर अवॉर्ड शो संपल्यावर रात्रभर बसले, कोणी कुठे उभं राहायचं त्याच्या नावाच्या पट्ट्या जमिनीवर चिकटवलेल्या (एवढे स्टार म्हटल्यावर भांडणं नकोत ना!).

अडलंय ते पैशांपाशी. ब्रिटिश सरकारने आधी रेकॉर्डवरचा व्हॅट सोडला नाही, नंतर तेवढी रक्कम दान केली, इतकं कळलं. पण दुकानदार, रेकॉर्ड कंपनी, गीतकार यांचा वाटा नेमका कसा सोडला जायचा? आणि आता स्ट्रीमिंगचे पैसे बँड एडच्या मदतनिधी ट्रस्टकडे कसे पोचतात? म्युझिक लायसन्सिंगमधलं कोणी आहे का इथे? या गाण्यांनी आफ्रिकेला नुसतं बिचारं दाखवलं ही टीका मला पटते, तरी गाणी फुकट गेली असं नाही वाटत. वाचायला काही असेल तर सुचवा प्लीज.