प्रतिसाद: ल माँ आणि डिस्क ब्रेक

ल माँ या फ्रान्समधल्या 24 तासांच्या मोटार शर्यतीबद्दलची वरची चर्चा सगळी इंजिनांभोवतीच फिरतेय, म्हणून ब्रेकबद्दल लिहितो. माझ्या मते 1953 ची ल माँ जॅग्वारने ब्रेकच्या जोरावर जिंकली.

तिथल्या जवळपास सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यानंतर एकदम काटकोनी वळण येतं. 24 तास प्रत्येक फेरीत तिथे ब्रेक दाबायचा. ड्रम ब्रेकमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बंद डब्याला आतून लायनर (घर्षणाचं अस्तर) दाबून थांबवणाऱ्या ब्रेकमध्ये, उष्णता आतच कोंडते, ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खाली जात राहतं. मग ड्रायव्हर भीतीने लवकर वेग कमी करतो. जॅग्वारच्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीवर डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी दाबणारे. चकती उघड्या हवेत, त्यामुळे लवकर थंड व्हायची. जॅग्वारचे ड्रायव्हर रोल्ट आणि हॅमिल्टन पहिले आले, जॅग्वारच्या बाकीच्या दोन गाड्या दुसऱ्या आणि चौथ्या. विजेत्याचा सरासरी वेग ताशी 100 मैलांच्या वर गेला, ल माँमध्ये प्रथमच.

आणि हे एका झटक्यात जमलेलं नाही! 1952 मध्ये ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसने हेच ब्रेक मिले मिलिया या इटलीतल्या रस्त्यांवरच्या शर्यतीत वापरून पाहिले होते.

मर्सिडीज मात्र 1955 मध्येही ड्रमवरच होती, म्हणून तिच्या 300 एसएलआर या शर्यतीच्या गाडीच्या पाठीवर हवा अडवून वेग कमी करणारी मोठी झडप बसवावी लागली. त्या झडपेचे फोटो जरूर बघा.