पी.टी.च्या तासाला ओळ महत्त्वाची की हालचाल?

रानवाट

बी.पी.एड.च्या, म्हणजे पी.टी.चा शिक्षक होण्याच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या सराव पाठ चालू आहेत. पंधरा दिवसांपूर्वी सातवीच्या वर्गावर लांब उडीचा पाठ घेतला. ५४ मुलं, एक खड्डा, ३५ मिनिटांचा तास. सगळं टाचणाबरहुकूम, म्हणजे आधी लिहिलेल्या पाठाच्या आराखड्याप्रमाणे झालं: हजेरी, उत्तेजक व्यायाम, प्रात्यक्षिक, सराव, समारोप. ओळी सरळ, आवाज खणखणीत. शेरा मिळाला 'उत्तम'.

त्याच पाठाला माझी मैत्रीण निरीक्षणाला बसली होती. तिने पूर्ण तास एकाच मुलीवर लक्ष ठेवलं. ही मुलगी ओळीत पंचविसाव्या नंबरला. उत्तेजक व्यायामाची पाच मिनिटं हातपाय हलले आणि तासाभरात दोन उड्या झाल्या. बाकी वेळ ती पायाच्या अंगठ्याने मातीत रेघा ओढत उभी होती. मैत्रिणीने तिच्या वहीतला हा हिशोब दाखवला तेव्हा 'उत्तम' हा शेरा मला खाऊ लागला.

पुढच्या पाठाला मी ओळ मोडली. मैदानावर चुन्याने सहा 'ओढे' आखले. प्रत्येक ओढा एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद. कुठून ओलांडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. एरवी शेवटी लपणारा एक मुलगा अरुंद टोकावरून पाच-सहा वेळा गेला, मग कोणी न सांगता एक पाऊल सरकला, मग आणखी एक. पाठ संपला तरी तो थांबेना. शेरा मिळाला: 'वर्गनियंत्रण नाही, गोंगाट फार.'

मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्ये अध्यापनाच्या शैली मांडल्या. दोरी तिरकी धरायची, एका टोकाला खाली, दुसऱ्या टोकाला वर, आणि कुठून उडायचं ते मुलाने ठरवायचं, ही कल्पना त्यांचीच; माझे ओढे त्यावरूनच. आम्ही ती पेपरात लिहितो. मैदानावर मात्र त्यांच्या यादीतली पहिली, आदेश शैलीच (शिक्षकाने हुकूम द्यायचा, मुलांनी पाळायचा) तेवढी तपासली जाते. माझं मत स्पष्ट आहे. शारीरिक शिक्षणाच्या पाठात आधी मोजायचं ते प्रत्येक मूल किती वेळ हललं. ओळ नंतर. तुम्हाला काय वाटतं?

आखाडा_सातारा

ताई, ३१ वर्षं माध्यमिक शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालो. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो, तेव्हा बी.पी.एड. एक वर्षाचं होतं. तुमची तळमळ कळली, पण मत पटलं नाही.

आधी एक विचारतो. ओढे आखले ते कसल्या जमिनीवर? टणक मुरमावर ५४ मुलांना अर्धा तास उड्या मारायला लावल्या असतील तर घोटे आणि गुडघे कोणाच्या भरवशावर? खड्डा एकच असतो म्हणून ओळ लागते. वाळू खणून भुसभुशीत केलेली असते, म्हणून मूल तिथेच उतरलं पाहिजे.

दुसरं हुकुमाचं. लोकांना वाटतं हुकूम म्हणजे ओरडणं. हुकुमाला दोन भाग असतात. 'पीछे' म्हटलं की मुलाला कळतं काय करायचंय. मग क्षणभर थांबायचं. त्या थांबण्यात पोर अंग गोळा करतं. मग 'मुड'. ती मधली जागा कमी पडली की अर्धा वर्ग डावीकडे, अर्धा उजवीकडे. ही जागा सातवीला किती ठेवायची आणि पाचवीला किती, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

एकदा आमच्या शाळेच्या पिंपळावरचं आग्या मोहोळ उठलं. मैदानात ३०० मुलं. एक लांब शिट्टी, 'दौड के चल', आणि दोन-तीन मिनिटांत सगळी वर्गात, दारं बंद. पडापडी नाही, चेंगराचेंगरी नाही. रोजची कवायत त्या दिवशी कामाला आली. गोंगाटाची सवय झालेल्या वर्गाने ती शिट्टी ऐकली असती का?

दोनशिक्षकी

सर, तुमच्याकडे पी.टी.चे शिक्षक तरी होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिली ते चौथी, २३ मुलं, आम्ही दोघी. शिक्षण हक्क कायद्यात आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरावर असेल तर. आमच्या मुलांना पी.टी. शिकवणार कोण? मीच. डी.एड.ला जे काही शिकवलं त्यात कवायतीचे हुकूम आणि टाचणाचा नमुना होता. सहा वर्षांचं पोर आणि दहा वर्षांचं पोर एका खेळात कसं घ्यायचं, हे कोणी सांगितलं नाही.

ते मी चुकत चुकत शिकले. पहिल्या वर्षी रोज लंगडी आणि खो-खो. मग लक्षात आलं, खो-खोत एका वेळी धावतात किती? एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे. आठ जण पाटीत बसलेले, बाकीचे कडेला. लंगडीत तर जो बाद होतो तो बसतो, आणि सगळ्यात आधी बाद होतो तो ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे. रोज तीच दोन पोरं कडुनिंबाखाली बसायची. आता माझा नियम एकच. बाद झालं की बाहेर नाही, दुसऱ्या गटात जायचं. दोन गटांच्या दोन लंगड्या शेजारी शेजारी चालतात.

त्यामुळे मी रानवाटच्या बाजूने. आणि हेही सांगते, मीही कधी कधी पी.टी.चा तास गणिताला वापरते. पायाभूत चाचणी जवळ आली की वापरते. ते चुकीचं आहे हे मला माहीत आहे.

खोखोवेडा

खो-खोवरून बोलल्याशिवाय राहवेना. बी.पी.एड. झालोय, शाळेत तासिका तत्त्वावर आहे, संध्याकाळी मुलांना मैदानावर शिकवतो.

फक्त चारच धावतात हे खरं, पण बसलेले आठ जण निवांत बसलेले नसतात. एका पायाची टाच उचललेली, हात जमिनीला, कान मागे. खो मिळाला की पहिलं पाऊल तिरकं पडतं. हे शिकवावं लागतं. खांबाजवळ वळण कसं घ्यायचं, सूर मारताना छाती कुठे टेकवायची, साखळी पळताना, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळताना, नजर कुठे ठेवायची, हे 'मुलं आपोआप शिकतील' म्हणून येत नाही. अर्धवट शिकवलेला सूर म्हणजे सोललेली हनुवटी.

रानवाट, तुमच्या ओढ्यावर मुलगा एक पाऊल सरकला, छान. पण तो उडी कोणत्या पायावर मारत होता हे तुम्ही पाहिलंत का? सहा ठिकाणी सहा गट उडत असताना एक शिक्षक चुका दुरुस्त करणार कशा? गावाकडच्या मुलाला शाळेतला पी.टी.चा शिक्षक हाच पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रशिक्षक असतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथवर पोचायला तंत्र लागतं. नुसतं 'हललं' पुरत नाही.

मुलीचीआई

मी शिक्षिका नाही. माझी मुलगी सहावीत आहे, अंगाने जाड आहे. पी.टी. असलेल्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "आई, उडी मारताना सगळे माझ्याकडेच बघतात." एका खड्ड्यापुढे ५४ जणांची ओळ म्हणजे तिच्यासाठी ५३ प्रेक्षक. खोखोवेडा, तुमचं तंत्र बरोबरच असेल. पण तिला आरक्षण नको आहे, तिला धावावंसं वाटायला हवं आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. शाळेतच ती उभी राहणार असेल तर बाकी दिवसभर क्लास आणि बस आहे.

आखाडा_सातारा

मुलीची आई, तुमचं वाचून थांबलो. माझ्याही वर्गात पोट दुखणाऱ्या मुली होत्या. मी त्यांना कडेला बसायची परवानगी द्यायचो आणि ती दया समजायचो.

तरी हुकुमाला दोष देऊ नका. लेझीम आठवा. चार आवाज, आदी लगाव, पवित्रा हे त्यातले प्रकार. सगळं हुकमावर, ओळीत, हलगीच्या ठेक्यावर. कोणी बाद नाही, कोणी रांगेत ताटकळत नाही, आणि दहा मिनिटांत घाम. जाड, बारीक, सगळे एकाच वेळी खाली वाकतात, एकाच वेळी उठतात. कोणाकडे कोणी बघत नाही कारण प्रत्येकाला आपला ठेका सांभाळायचा असतो. मग ओळ वाईट कशी?

रानवाट

सर, लेझमीचं मान्य. मी ओळ आणि ताटकळणं एकच धरत होते, ते एक नाही. जमिनीचंही मान्य. कोपऱ्यात गवत होतं तिथे ओढे आखले होते, पण दोन ओढे टणक भागावर गेले आणि ते मी तेव्हा पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं.

पण खोखोवेडा, तंत्राच्या बाबतीत मी मागे हटत नाही. लांब उडीच्या पहिल्या पाठात, ओळीत, मी किती जणांचा पाय दुरुस्त केला? माझ्या टाचणावर खूण आहे. नऊ. उरलेल्या ४५ जणांना माझ्याकडून तंत्रही मिळालं नाही आणि हालचालही नाही. ओढ्याच्या पाठात जोड्या लावल्या होत्या, एकाने उडायचं, दुसऱ्याने फक्त पाय पाहून सांगायचं, डावा की उजवा. मुलं हे बरोबर सांगतात. शेजारच्याचं तर फारच बरोबर सांगतात.

गुरुवारी शेवटचा पाठ आहे, हाच वर्ग. वाळू दोन ठिकाणी खणून मागितली आहे, शिपाईकाका हो म्हणालेत. पहिली दहा मिनिटं लेझीम घेणार, सर, तुमच्या हुकमावर. एका लांब शिट्टीला जिथे असेल तिथे थांबायचं, हे आधी तीनदा करून घेणार. मग ओढे. मैत्रीण पुन्हा त्याच मुलीवर लक्ष ठेवणार आहे. आकडा इथे लिहीन, कमी आला तरी लिहीन.

खोखोवेडा

लिहा. आणि त्या मुलीचा उडीचा पाय कोणता, तेही लिहा.