स्मोक डिटेक्टर: तुमचा शेवटचा कधी तपासला होतात?

परवा छतावरचा डिटेक्टर, म्हणजे धूर ओळखून भोंगा वाजवणारं यंत्र, काढून मागचं लेबल वाचलं. बनवल्याला तब्बल बारा वर्षं झाली होती! आयुष्य साधारण १० वर्षं, तेही बनवल्याच्या तारखेपासून मोजायचं. दर महिन्याला बटण दाबल्यावर वाजायचा, म्हणून मी निर्धास्त होते. तुमचेही अनुभव लिहा, चुकांसकट.

*

बटणाने बॅटरी, सर्किट आणि भोंगा तपासला जातो. धूर आत शिरतोय का, हे कळत नाही. आमच्याकडे रंगकामात जाळीवरच ब्रश फिरला होता. बटणाला दणदणीत वाजला, चाचणीचा स्प्रे मारला तर ढिम्म. रंग खरवडत बसलो नाही, नवाच बसवला.

*

रात्री तीनला दर मिनिटाला एक 'टुक'. सकाळी गप्प. गारठ्यात संपत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज उतरतो आणि ऊन चढलं की सावरतो, हे आम्हाला चौथ्या रात्री समजलं.

*

हे लिहायला जड जातंय. आमचा डिटेक्टर स्वयंपाकघराच्या दारातच होता. जरा काही करपलं की बोंब. वैतागून मी बॅटरी काढली, 'दोन दिवसांपुरती'. सात महिने ती ड्रॉवरमध्येच राहिली. एका रात्री मुलांच्या खोलीत एक्स्टेंशन बोर्ड धुमसायला लागला. थोरली पाणी प्यायला उठली म्हणून कळलं. ती उठली नसती तर, हा विचार अजून सुटत नाही. आता फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणाऱ्या) प्रकारचा घेतलाय, शेगडीपासून तीन मीटरहून लांब. धुमसणारी आग तो लवकर पकडतो. खोटा अलार्म वाजला तर जागा बदला, व्हॅक्यूमच्या ब्रशने धूळ आणि बारीक किडे काढा. बॅटरीला हात लावू नका, कळकळीने सांगते.

*

ताई, बरं झालं लिहिलंत. आम्ही मुलं झोपलेली असताना मुद्दाम वाजवून पाहिला. आठ वर्षांचा मुलगा कुशीवर वळला, बस्स. लहान मुलं त्या किनऱ्या आवाजाने बऱ्याचदा उठत नाहीत. ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज जास्त उपयोगी पडतो. अलार्म झाला तर मुलाला कोणी उचलायचं, हे आता ठरलेलं आहे.

*

आईचा हात छतापर्यंत पोचत नाही. ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काठीच्या टोकाने बटण दाबते आणि मला फोनवर आवाज ऐकवते.