आंबे खाल्ले म्हणून केसतोड?
वर कुणीतरी लिहिलंय की केसतोड आंब्याच्या उष्णतेने होतो, आमची आजीपण हेच म्हणायची, पण खरा चोर स्टॅफ नावाचा जिवाणू. साधारण १० पैकी ३ जणांच्या नाकात तो गुपचूप बसलेला असतो, काही त्रास देत नाही, मग दाढी करताना कापलं किंवा खाजवून कातडी सोलली की आत शिरतो.

केसाच्या मुळाशी लाल, ठणकणारी गाठ आणि मधे पिवळं तोंड म्हणजे केसतोड, पापणीवर तेच झालं की रांजणवाडी. लहान पोरांच्या नाकाखाली मध वाळल्यासारखी खपली धरते ते इम्पेटिगो, एकाच टॉवेलने घरभर फिरतं. माझ्या भावाने नाकाजवळचा फोड पिळला आणि दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद, थेट अ‍ॅडमिट!! तिथला फोड पिळू नका रे बाबांनो. लाली पसरत चालली, थंडीताप आला तर हळदीचा लेप लावत बसू नका, डॉक्टर गाठा.

आणि हो, हाताला गळू असलेल्याने बासुंदी ढवळली नि ती बाहेर राहिली तर अर्ध्या तासापासून ८ तासांत उलट्या, परत उकळूनही स्टॅफने त्यात सोडलेलं विष जात नाही.