सल्ला हवा: वडिलांचा छातीचा सिटी, एचआरसीटी करू की कॉन्ट्रास्टवाला? जळगाव-धुळ्यात कुठे?

चोपड्याचा_पाव्हणा
राम राम मंडळी. प्रश्न वडिलांचा आहे. वय ६४, उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) गेली, बिडी सुटली पण तंबाखू सुटत नाही. पावसाळा संपल्यापासून खोकला हटत नाहीये, वजन उतरलंय, संध्याकाळी अंग कसकसतं. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला, रिपोर्टात उजवीकडे वरच्या भागात ओपॅसिटी (पांढरट सावली) लिहिलंय आणि खाली ते नेहमीचं "क्लिनिकल कोरिलेशन करा", म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा. आता एक डॉक्टर म्हणतात एचआरसीटी (पातळ कापांचा सिटी स्कॅन) करा, दुसरे म्हणतात कॉन्ट्रास्टवाला (शिरेतून औषध देऊन काढतात तो) करा, दोघांनी चिठ्ठ्या दिल्या त्या वेगवेगळ्या सेंटरच्या. मेव्हणा म्हणतो हे सगळं सोडा, डायरेक्ट पुण्याला नेऊन पेट स्कॅनच (कॅन्सरसाठी करतात तो) करून टाका म्हणजे एकदाचा निकाल लागेल. आईचं रडणं थांबत नाही. कापूस विकून थोडे पैसे हातात आहेत, पण ते नको तिथे जायला नकोत. आधी काय करू?

खापरावरचे_मांडे
भो, आधी बेडका तपासी ल्या, मंग मशिननं दखू. थट्टा नाही करत, खरंच सांगतोय. आमच्या काकांचं पण वरच्याच भागात होतं, टीबी निघाला, आज शेतात नांगर धरतात.

मेहरूणकर
मांडेभाऊंशी सहमत. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीचा जंतू शोधणारी) तपासणी सरकारीत फुकट होते. तुम्हाला तर चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, तिथे टीबीचा विभाग विचारा. टीबी निघाला तर औषध पण फुकट, आणि निक्षय पोषणचे (टीबी पेशंटच्या आहारासाठीची सरकारी योजना) महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले). शंका असेल तर १८००-११-६६६६ वर फोन करा.

रेडिओग्राफर_धुळे
मी एक्स-रे सिटीच्या खोलीतच दिवस काढतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, रिपोर्ट वाचणं माझं काम नाही, फोटो नीट काढणं माझं काम.

पहिलं म्हणजे तो एक्स-रे कसा काढलाय ते बघा. उभं राहून, छाती प्लेटला टेकवून, खांदे पुढे घेऊन, पूर्ण श्वास भरून काढला तर तो कामाचा. झोपवून काढला की हृदय मोठं दिसतं आणि फुप्फुस दाबलेलं दिसतं, मग घरचे उगाच घाबरतात. आमच्याकडे खेड्यावरून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बंडीच्या खिशात हमखास चुन्याची डबी असते, गळ्यात ताईत असतो. एकदा एका बाबांच्या फिल्मवर बरोबर छातीच्या वरच्या कोपऱ्यात गोल पांढरा ठिपका आला, नातू पार घामाघूम झाला, बंडी काढून परत घेतला तर ठिपका गायब आणि डबी बाबांच्या हातात. तेव्हा वडिलांचं बंडी-ताईत काढलं होतं का ते विचारा, नसेल तर आधी एक्स-रे परत काढा, स्वस्तात काम होईल.

दुसरं एचआरसीटीचं. एक्स-रेमध्ये पुढची बरगडी, मागची बरगडी, हृदय, फुप्फुस सगळं एकावर एक पडतं. सिटी म्हणजे सावद्याला वेफरसाठी केळीचे काप पाडतात तसे छातीचे काप, एचआरसीटीत ते एक-दीड मिलिमीटरचे पातळ असतात. फुप्फुसाची जाळी खराब झाली का, श्वासाच्या नळ्या रुंदावल्या का, हे त्यात छान दिसतं. पण त्यात शिरेतून औषध देत नाहीत, त्यामुळे मध्यभागातल्या लिम्फच्या गाठी आणि रक्तवाहिन्या एकमेकांपासून सुट्या कळत नाहीत. गाठीची शंका असेल तर कॉन्ट्रास्ट मागतात ते यासाठी. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर चुकीचं बोलत नाहीयेत, दोघांच्या डोक्यात वेगवेगळे आजार आहेत. त्यांना सरळ विचारा, साहेब तुम्हाला शंका कशाची आहे?

कॉन्ट्रास्ट ठरला तर आधी क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, आधी कधी कॉन्ट्रास्टने किंवा कुठल्या औषधाने पुरळ-दम झाला असेल तर आधीच सांगा. किती तास उपाशी यायचं ते सेंटरवाले सांगतील. आणि वडिलांना एक गोष्ट नक्की सांगून ठेवा, औषध शिरेत गेलं की अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते, पण म्हातारा माणूस लाजेने हलतो आणि स्कॅन वाया जातो. श्वास रोखायची घरी प्रॅक्टिस करा, खोकणाऱ्या माणसाला तेच अवघड जातं.

शेवभाजी_नंदुरबार
एचआरसीटीचं नाव काढलं की माझ्या डोक्यात अजून तो फुप्फुस किती बिघडलं त्याचा २५ पैकी स्कोअर फिरतो 😅 कोरोनात आमच्या गल्लीत मॅट्रिकच्या मार्कांसारखे लोक एकमेकांना स्कोअर विचारायचे. तेव्हा सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये रेट बांधून दिले होते, मशीनप्रमाणे २०००, २५००, ३०००. आता कोण पाळतं देव जाणे. एका सेंटरने आमच्याकडून पैसे घेतले ते वेगळे आणि पावती वेगळी. नाव लिहीत नाही, पण पावती मागाच.

साक्रीची_सून
धागा जरा भरकटवते, सॉरी. माझ्या सासऱ्यांच्या रिपोर्टात फुप्फुसात ५ एमएम नोड्यूल (छोटी गाठ) आलंय, दुसऱ्याच कारणाने सिटी केला होता. बिडी कधी ओढली नाही. नणंद म्हणते कॅन्सर आहे, लपवतायत.

फुप्फुस_रेसिडेंट
छातीच्या विभागात शिकतोय, त्यामुळे हे पेशंट न बघता केलेलं बोलणं समजा.

साक्रीच्या ताई, २०१७ च्या फ्लाइश्नर गाइडलाइनप्रमाणे (फुप्फुसात सापडलेल्या गाठींचं पुढे काय करायचं त्याचे नियम) ६ एमएमपेक्षा लहान एकटी भरीव गाठ, धोका कमी असलेल्या माणसात, साधारणपणे परत स्कॅनसुद्धा लागत नाही. आपल्याकडे जुन्या टीबीचे असे डाग खूप सापडतात. सासऱ्यांना आधी कधी कॅन्सर झाला नसेल तर नणंदेला हे दाखवा आणि रिपोर्ट एकदा डॉक्टरांना.

चोपडेकर, तुमचं वेगळं आहे. वय, तंबाखू-बिडी, वजन घटणं, वरच्या भागातली सावली, यात टीबी आणि कॅन्सर दोन्ही बसतात आणि नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. जुना बरा झालेला टीबीचा व्रण आणि आजचा जिवंत टीबी एक्स-रेवर सारखेच दिसू शकतात. म्हणून थुंकी पहिली. सीबीनॅट यंत्रात साधारण दोन तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिनला (टीबीचं मुख्य औषध) दाद देतो का हे दोन्ही कळतं, सिटीतून हे कधीच कळणार नाही. थुंकी निगेटिव्ह आली आणि सावली तशीच राहिली, तर मग कॉन्ट्रास्ट सिटी, आणि गाठ दिसली तर सिटी बघत सुईने तुकडा. कॅन्सर की नाही ते शेवटी तो तुकडा सांगतो.

मेव्हण्यांना सांगा, पेटमध्ये टीबीची गाठपण चमकते. पेट हा कॅन्सर ठरल्यावर तो किती पसरलाय हे बघायला खरा उपयोगी, आत्ता केला तर पैसेही जातील आणि प्रश्न तिथेच राहील.

जिनिंगचं पण डॉक्टरांना नक्की सांगा. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो, सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते ही त्याची खूण. एक्स-रेवर त्याचं खास काही दिसत नाही, त्याला फुंकायची टेस्ट लागते, स्पायरोमेट्री. बिडीवाल्याच्या दम्यालाही तीच. खोकल्यातून रक्त आलं किंवा दम लागला तर मात्र हे सगळं क्रमाने करत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

भुसावळ_जंक्शन
रेडिएशनचं काय? बायको म्हणते एका सिटीने माणूस अर्धा होतो.

रेडिओग्राफर_धुळे
छातीच्या एक्स-रेला ०.१ मिलिसीव्हर्ट (रेडिएशनचं माप) किंवा त्याहून कमी, साध्या छातीच्या सिटीला ६-७ च्या आसपास. नुसतं घरी बसून निसर्गातून वर्षाला २-३ मिळतंच. ६४ वर्षांच्या आजारी माणसाला गरजेचा सिटी टाळण्याइतकं हे नाही, पण धडधाकट तरण्या पोराने हौस म्हणून करू नये. कोरोनात लोकांनी दर आठवड्याला केले, ते बघून पोटात गोळा यायचा.

मेहरूणकर
कुठे करायचं ते राहिलंच. जळगावचं शासकीय मेडिकल कॉलेज म्हणजे आपलं जुनं सिव्हिल, किंवा धुळ्याला चक्करबर्डीचं हिरे मेडिकल कॉलेज. दोन्हीकडे छातीचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकाच आवारात, चिठ्ठी घेऊन गावभर फिरावं लागत नाही. रांग असते, मशीन चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या. ॲडमिट करायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेचं १५५३८८ वर विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. प्रायव्हेटला गेलात तर सेंटर चकाचक आहे का ते बघू नका, रिपोर्टवर सही करणारे रेडिओलॉजिस्ट तिथे बसतात का ते विचारा.

आणि कुठेही करा, फिल्मसोबत डायकॉमची (मूळ डिजिटल फोटोंची) सीडी मागून घ्या. फिल्मचा ट्यूबलाइटसमोर काढलेला व्हॉट्सॲप फोटो पुण्याच्या डॉक्टरला पाठवून काही उपयोग नसतो. जुना एक्स-रे घरात असेल तर पेटीतून शोधा, सावली जुनी की नवी हे त्यावरूनच कळतं.

चोपड्याचा_पाव्हणा
खूप आभार सगळ्यांचे. आईने कोठीतून एक्स-रे काढून दिला, सहा-सात वर्षांपूर्वीचा, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळचा. मला तर त्यात काही दिसत नाही, सोबत नेतो. दोन्ही चिठ्ठ्या घरीच ठेवल्या. आज उपजिल्ह्यात जाऊन थुंकीच्या डब्या आणल्यात, सकाळचा नमुना द्यायचाय. वडील म्हणतात तोंडात थुंकी आहे तीच देतो. चालेल का?

फुप्फुस_रेसिडेंट
नाही चालणार. लाळ गेली तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊन फसवेल. सकाळी तंबाखू लावायच्या आधी, नुसत्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन जोरात खोकायला लावा, छातीतून घट्ट पिवळसर येईल तेच डबीत. आणि हे घरात नका करू, अंगणात उघड्यावर, पोरं जवळ नकोत. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोचवा.

खापरावरचे_मांडे
आणि डबीवर नाव टाका भो, झाकणावर नाही, डबीवर. झाकणं बदलतात.