खेडं थीमचं रिसॉर्ट, जळगाव: बुफेच जेवावा की चुलीवरचं वेगळं सांगावं?

प्रश्न: सुट्टीवाले_पुणेकर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव-अजिंठा असे तीन दिवस ठरलेत. मोठी माणसं आठ, पोरं तीन. मुक्काम जळगावजवळच्या एका खेडं थीमच्या रिसॉर्टवर आहे: सारवलेलं अंगण, बैलगाडी, कंदील, पाटावर पंगत, केळीच्या पानावर जेवण. पॅकेजमध्ये नाश्ता आणि रात्रीचा बुफे आहे. भरीत, मांडे, वरण-बट्टी हे 'लाइव्ह चूल' म्हणून वेगळ्या पैशांत. बुफेवर भागेल का? वेगळं सांगायचं तर काय, किती आणि केव्हा? आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. बिलात काय बघावं तेही सांगा.

उत्तर १: कळण्याची_भाकर

दादा, भरीत ते हिवायामाच खावानं, तुमचा मुहूर्त बरोबर लागलाय. पण बुफेतलं नको.

इकडचं भरताचं वांगं हिरवट-पांढरं, मोठं आणि कमी बियांचं असतं. ते भाजायचं कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर. हा जाळ भराभर पेटतो आणि वांग्याला सगळीकडून लागतो. गॅसवर साल करपते, देठाजवळचा गर कच्चाच राहतो, मग तो शिजवायला कढईत जास्त परततात आणि भरताची भाजी होते. भाजण्याआधी वांग्याला दोन-तीन टोचे मारलेले हवेत, नाहीतर ते फुटतं. साल गरम असतानाच हातानं काढायची. पटकन निघावी म्हणून पाण्याखाली धरली की धुराचा वास गेलाच समजा. मग लाकडी भांड्यात मिरची-लसणासोबत ठेचायचं. मिक्सरमधून फिरवलं तर तार जाते, चिकट लगदा होतो. ताटात आलं की बघा: गराचे धागे दिसले पाहिजेत, शेंगदाणे अख्खे, कांद्याची पात कच्चट हिरवी, कडेला तेल सुटलेलं. तेलाऐवजी पाणी सुटलं असेल तर ते दुपारचं आहे.

अकरा जणांना अडीच किलो वांगी पुरे. किलोत चार-पाच जण होतात. मिरची ठेचतानाच पडते, नंतर काढता येत नाही, म्हणून पोरांचं अर्धा किलो कमी तिखटाचं वेगळं ठेचायला आधीच सांगा. फोन आदल्या दिवशी करा आणि एकच प्रश्न विचारा: "काड्यांवर भाजता की गॅसवर?" उत्तराला वेळ लागला तर गॅसवर.

सोबत कळण्याची भाकरी. तीन-चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट उडीद, मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ. तव्यावरून उतरल्यावर खमंग लागते, झाकणाच्या डब्यात दहा मिनिटं राहिली की वाफेनं चामडं होतं. एकेक मागवा, ढीग नको.

शेवभाजी मात्र बुफेतली चालेल, एका अटीवर. रस्सा वाटीत घ्यायचा, शेव वेगळी मागायची आणि खाताना टाकायची. आधीच टाकलेली शेव फुगून रश्शाचं पिठलं करते. फुनके-कढीही (तुरीच्या डाळीचे वाफवलेले गोळे आणि कढी) बुफेवर टिकते, तिखट न खाणाऱ्या पोरांचं त्यावर निभतं.

उत्तर २: खापर_आणि_पुरण

मांड्यांबद्दल, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पातळ पुरणपोळीबद्दल, माझं मत: पंगतीत पन्नास माणसं असतील त्या रात्री सांगूच नका. पालथ्या खापरावर एका वेळी एकच मांडा पडतो. करणारी बाई तो लाटत नाही, दोन्ही हातांवर फिरवून वाढवते, त्यामुळे घाई केली की फाटतो आणि पुरण खापरावर सांडून जळतं. कणीक वस्त्रगाळ पिठाची, भरपूर तिंबून मुरवलेली लागते. त्यामुळे ऐनवेळी "दोन वाढवा" म्हटलं तर मैदा मिसळलेली येते. ती ओळखणं सोपं आहे, तुटत नाही, रबरासारखी ओढली जाते.

एक मांडा दोघांना होतो. तुम्हाला सहा बास. खापरावरून उतरताच तूप सोडून घडी घालायची. गार मांडा कागदासारखा वाजतो. डिसेंबरात आमरस देऊ केला तर तो डब्यातला, अक्षय तृतीयेचा नव्हे. त्याऐवजी दूध आणि तिखट रशी मागा. पुरण वाटल्यावर कटाच्या पाण्याची जी आमटी होते ती रशी, मेन्यूत नसली तरी स्वयंपाकघरात असते.

वरण-बट्टी भरताच्या रात्री घेऊ नका, दोन्ही जड. बट्टीचं पीठ जाडसर, गव्हात थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन. गोळे वाफवून, पूर्ण गार करून, कापून तळतात. गरम कापले तर भुगा होतो आणि तो तेल पितो. माणशी तीन-चार तुकडे धरा. चुरून वर घट्ट वरण, तूप, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी.

उत्तर ३: पक्कं_बिल

बिलाचं सांगतो. रिसॉर्टमधल्या रेस्टॉरंटला जीएसटी साधारण ५ टक्के. मागच्या आर्थिक वर्षात तिथल्या एखाद्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांवर गेलं असेल तर जेवणावर १८ टक्के लागतो. म्हणून ताटाचा दर विचारताना "करासकट किती?" असंच विचारा. कंपोझिशन योजनेतल्या (लहान व्यवसायांसाठी ठोक कराची योजना) हॉटेलाला जीएसटी वेगळा लावताच येत नाही.

सेवा शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, हे जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. काढायला सांगा, नाही काढलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. बसून जेवताना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. साधं पाणी मागा.

आणि एक: बुफे पॅकेजमध्ये आहे आणि तुम्ही चुलीवरचं जेवलात तर बुफेचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आदल्या दिवशी फोनवरच "फरक घ्या" म्हणून ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पोरांचा दर वयावर की उंचीवर, तेही त्यातच.

सुट्टीवाले_पुणेकर

मोठे उपकार. आईचं कसं करावं? सोमवारी संध्याकाळी पोचतोय, मंगळवारी अजिंठा.

कळण्याची_भाकर

सोमवारी लेणी बंदच असतात, मंगळवार बरोबर धरलात. पहिल्या रात्री भरीत ठेवा, म्हणजे फोन रविवारी.

आईंसाठी पाटाऐवजी खुर्ची आणि चौरंगाची उंची वाढवून मागू नका, हलतो. सरळ टेबल पंगतीच्या टोकाला लावायला सांगा, पान तिथेही मांडतात. केळीच्या पानाला उतार असला की रस्सा मांडीवर येतो, वाट्या मागून घ्या. अंगणात रात्री गारठा असतो आणि जेवण पटकन निवतं. चुलीजवळची जागा फोनवरच सांगून ठेवा, पण धूर ज्या बाजूला जातो ती सोडून.