वापरलेला ४×५ फिल्म कॅमेरा घ्यावा की मोह आवरावा?

काळा पडदा
एक स्टुडिओ बंद होतोय, तिथला ४×५ इंची मोनोरेल कॅमेरा (लेन्सची आणि फिल्मची चौकट एकाच दांड्यावर सरकते तो) विकायला काढलाय. सोबत कोपाल कंपनीच्या शटरमधली १५० मिमी लेन्स आणि थोडे फिल्म होल्डर, म्हणजे सुटी फिल्म भरायच्या चपट्या चौकटी. मालक म्हणतो सगळं चालू आहे, पण पेटी बरीच वर्षं उघडलेली दिसत नाही. मी ३५ मिमीवर काम करतो, फिल्म घरीच डेव्हलप करतो. काढायच्या आहेत इमारती, जमल्यास डोंगर. घ्यावा का? कौतुक नको, स्पष्ट मत द्या.

ऊनसावली
स्पष्टच हवं तर, नको. कॅमेऱ्याची किंमत हा या खर्चातला सगळ्यात छोटा आकडा असतो. प्रत्येक फोटोला फिल्मची एक अख्खी शीट जाते, आणि रंगीत फिल्मच्या डब्यात बहुधा दहाच शीट असतात. त्यावर दणकट ट्रायपॉड, लाइट मीटर, अंधारात फिल्म भरायची चेंजिंग बॅग, शीट डेव्हलप करायचा टँक, मग स्कॅनर. निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या एन्लार्जरचं तर नावच काढू नका, ४×५ चा एन्लार्जर म्हणजे घरातलं एक कपाट कमी. आणि मोनोरेल घेऊन डोंगर चढणार? तो स्टुडिओतल्या स्टँडवर उभा राहायला बनवलाय. ६×७ सेंटिमीटरचा मीडियम फॉरमॅट बघा, सुखी राहाल.

तिरपी भिंत
६×७ म्हणजे दुधाची तहान ताकावर. इमारती म्हणालात ना, तिथेच उत्तर आलं. उंच इमारतीसाठी कॅमेरा वर रोखला की भिंती एकमेकींकडे झुकतात. मोनोरेलमध्ये मागची बाजू ओळंब्यात उभी ठेवायची आणि पुढे फक्त लेन्स वर सरकवायची. भिंती सरळच येतात. लेन्स जराशी पुढे झुकवली तर पायाजवळच्या दगडापासून लांबच्या शिखरापर्यंत फोकस एका पातळीत आणता येतो. शाइमफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने १९०४ च्या पेटंटात मांडलेलं तत्त्व ते हेच. बहुतेक ६×७ कॅमेऱ्यांत यातलं काहीच होत नाही. शिवाय ३५ मिमीच्या तेरा-चौदा पट मोठी निगेटिव्ह मिळते ती वेगळीच.

ऊनसावली
तत्त्व मान्य, पण पेटीत काय आहे ते बघा की. १५० मिमी ही ४×५ ची नॉर्मल लेन्स. समोर मोकळं मैदान नसेल तर इमारतीला ९० मिमीच्या आसपासची, जास्त रुंद दाखवणारी लागते. ती लावली की पुढची आणि मागची चौकट इतकी जवळ येते की दोन्हींमधला नेहमीचा घड्यांचा भाता चुरगळून अडकतो आणि लेन्स वर सरकेनाशी होते. मग पिशवीसारखा सैल भाता वेगळा शोधा. थोडक्यात, ज्यासाठी कॅमेरा घ्यायचा ते या सौद्यात नाहीच.

जुना कारागीर
तुमचं चालू द्या. काळा पडदा, तुम्ही आधी वस्तू हातात घेऊन बघा.

भाता पूर्ण ताणा, अंधाऱ्या खोलीत न्या, आत टॉर्च पेटवा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे एकेक करून बघा. भोकं तिथेच पडतात. सुईएवढी असतील तर काळी चिकटपट्टी पुरते. सगळे कोपरे चांदण्यासारखे चमकले तर भाता बदलावा लागेल.

शटर एक सेकंदावर ठेवून कानाजवळ धरा. घरघर एकसारखी हवी. मध्येच दमली किंवा पाती उघडीच राहिली तर आतलं तेल वाळलंय. साफ करून घेता येतं, पण तो खर्च किमतीतून वळता करून घ्या. लेन्समधून टॉर्च मारा, बुरशीचे धागे दिसले तर सोडा. आतल्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, तो काळा रंग सुटलेला असतो, फोटोत काही येत नाही. विकणारा मात्र त्यावर भाव कमी करतो, ते करू द्या!

मागच्या ग्राउंड ग्लासची (ज्या दुधी काचेवर बघून फोकस करतात तिची) खरबरीत बाजू लेन्सकडे आहे ना, तेही बघा. साफ करताना कुणी उलटी बसवली असेल तर काचेवर सगळं रेखीव दिसेल आणि फिल्मवर फोकस सरकलेला येईल.

माझ्या मते तुम्ही विकत घेताय ते शटर आणि लेन्स. कोपालने यांत्रिक शटर बनवणं कधीच थांबवलंय. ते चांगलं निघालं तर बाकीची पेटी फुकट मिळाली समजा.

संथ पाणी
सगळे खर्चावरच अडलात! या कॅमेऱ्याने माणूस थांबून बघायला शिकतो. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा १९४१ चा, हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदयाचा फोटो आठवा. लाइट मीटर सापडेना, तर चंद्राची प्रखरता ठाऊक होती त्यावरून एक्स्पोजर ठरवलं आणि एका शीटवर काम फत्ते.

ऊनसावली
पुढचंही सांगा. दुसऱ्या शीटसाठी होल्डर उलटा करेपर्यंत फोटोतल्या कबरींच्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. आणि ती एकुलती निगेटिव्ह प्रिंट करायला इतकी कठीण की १९४८ मध्ये तिचा खालचा भाग रसायनाने गडद करावा लागला. हे ॲडम्सचं झालं, आपण कोण? थांबून बघायला ३५ मिमीच्या रोलनेही कुणाला अडवलेलं नाही.

तिरपी भिंत
सुरुवातीला फिल्म जाळायचीच कशाला? होल्डरमध्ये फोटो प्रिंट करायचा कागद कापून भरा. संवेदनशीलता फार कमी, सहा आयएसओच्या आसपास धरा, पण लाल दिव्यात भरता येतो, ट्रेमध्ये डोळ्यांदेखत डेव्हलप होतो. होल्डरमधून उजेड गळतो का तेही त्यातच कळेल.

काळा पडदा
टॉर्च घेऊन जातोय. डोंगराचा नाद सोडला, इमारतींपुरतंच बघतो. पण ९० चा मुद्दा डोक्यात बसलाय.

ऊनसावली
मग मालकाला विचारा, की ९० ची लेन्स आणि सैल भाता एखाद्या कपाटात पडलाय का. स्टुडिओ इमारतींची कामं करत असेल तर असायला हरकत नाही, आणि बंद करताना अशा वस्तू लोक विसरतात. दोन्ही त्याच सौद्यात मिळाले तर माझा विरोध मागे. नुसती १५० असेल तर माझं मत तेच, नको.